फिजिओथेरपीतील अध्यापन आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमपीटीएच या फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, नुकतेच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेले तरुण आणि क्वचित स्वतःचे क्लिनिक दहा-बारा वर्षे चालवलेले फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्रातील महाविद्यालये डोळ्यासमोर आहेत. प्रवेशाचे आणि नेमणुकीचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक जरूर पाहावे.

पेशंट माझ्या हाताने बरे होतात, हे मी रोज पाहतो. मग संशोधनाची गरज काय?

पेशंट आपल्या हाताशिवायही बरे होतात, म्हणून. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांची बरीच कमी होते, मग ट्रॅक्शन (कंबर यंत्राने ताणण्याचा उपचार) लावा किंवा लावू नका. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे तेथून ते उतरण्याचीच शक्यता अधिक असते. त्या उतरणीचे श्रेय आपण सहज आपल्या यंत्राला देऊन टाकतो. आणि जो पेशंट चौथ्या दिवसानंतर फिरकलाच नाही, तो बरा झाला असेल असे आपण गृहीत धरतो. तो शेजारच्या हाडवैद्याकडे गेला असेल, हे आपल्या वहीत कोठेच लिहिलेले नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पक्षाघाताचे आहे. पक्षाघातानंतर रुग्णाला जितके लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके चांगले, असे आम्हा सगळ्यांनाच शिकवले गेले होते. 'अव्हर्ट' या चाचणीत ५ देशांतील ५६ रुग्णालयांतून २,१०४ रुग्ण घेण्यात आले आणि २०१५ मध्ये तिचा निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अगदी लवकर आणि वारंवार उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ४६ टक्के निघाले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार केलेल्या गटात ५० टक्के. याचा अर्थ रुग्णाला खाटेवर पडू द्यावे असा मुळीच नाही, कारण दुसऱ्या गटातील रुग्णांनाही पक्षाघातानंतर साधारण २२ तासांच्या आसपास उठवायला सुरुवात झालेली होती. अर्थ इतकाच, की पहिल्या दिवशी किती मात्रा द्यायची हे आपण अंदाजाने ठरवत होतो. या चाचणीचे नेतृत्व मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांनी केले, आणि त्या स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत.

शिक्षकी पेशात येण्याची वाट कशी आहे?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची राहिली आहे आणि तिचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची असून त्यात इंटर्नशिप एक वर्षाची आहे. त्यानंतर दोन वर्षांची एमपीटीएच. अस्थिस्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, बालरोग, क्रीडा, समाजस्वास्थ्य अशा शाखांपैकी एक तेथे निवडावी लागते, आणि पुढे तुम्ही काय शिकवणार हे बऱ्याच अंशी त्या निवडीवर ठरते. एमपीटीएच झाल्यावर सहायक प्राध्यापक, मग अनुभव आणि प्रकाशने जमा होतील तसे सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. पदव्युत्तर विद्यार्थी घेण्यासाठी विद्यापीठाची स्वतंत्र मान्यता लागते. 'पीजी गाइड झालो' असे जे म्हणतात ते हेच.

एक गैरसमज येथेच दूर करतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेत फिजिओथेरपी हा विषयच नाही, त्यामुळे 'सर, नेट द्यावी लागेल का' या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शारीरिक शिक्षण हा विषय नेटमध्ये आहे, पण तो आपला नव्हे.

नोंदणी नेमकी कोणाकडे? पुनर्वास परिषदेकडेही करावी लागते का?

नाही. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे कृत्रिम अवयवतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींची नोंदणी होते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद असून तिचा कायदा २००२ चा आहे. देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि फिजिओथेरपी त्याच्या कक्षेत आली.

प्रबंधाचा विषय सुचत नाही. कोठून आणावा?

वाईट मार्ग सर्वांना ठाऊक आहे. सीनिअरचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) घ्यायचा, त्यातला गुडघा काढून खांदा घालायचा आणि एका तंत्राच्या जागी दुसरे तंत्र ठेवायचे. मी स्वतःचा प्रबंध जवळजवळ असाच केला होता आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'हा प्रश्न कोणाला पडला होता?' असे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

विषय ओपीडीत (बाह्यरुग्ण विभागात) असतो, फक्त तो विषयाच्या रूपात समोर येत नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी 'वोमॅक' ही प्रश्नावली घ्या. तिच्यात २४ प्रश्न आहेत. ५ वेदनेचे, २ सांधा आखडण्याचे आणि १७ हालचालींचे. त्या सतरांत जिना चढणे आहे, मोटारीत बसणे-उतरणे आहे, बाथटबमध्ये शिरणे आहे. पण मांडी घालून बसणे नाही आणि उकिडवे बसणे नाही. आपल्याकडची साठीची बाई गुडघ्याची तक्रार सांगते तीच मुळी 'पूजेला खाली बसता येत नाही' आणि 'संडासला बसले की उठवत नाही' या दोन वाक्यांत. उपचारानंतर वोमॅकचा गुण सुधारला, पण ती अजूनही पंगतीला खुर्ची मागते, तर सुधारणा कोणाच्या हिशेबाने झाली? असा प्रश्न पडला की प्रबंध अर्धा झाला.

या दृष्टीने जयपूर फूटचा इतिहास प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने वाचावा. शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो पाय घडवला, तो आयात केलेला पाय बूट घातल्याशिवाय चालत नव्हता आणि त्यावर उकिडवे बसता येत नव्हते म्हणूनच. रबराचा तो पाय शेतातल्या चिखलात अनवाणी चालला.

आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या कमरा आहेत, विणकरांचे खांदे आहेत, पंढरीच्या वाटेवर दोन-तीन आठवडे चालणारी पावले आहेत. यांपैकी कोणत्याही विषयासाठी महागडे यंत्र लागत नाही.

प्रश्नावलीचे मराठी भाषांतर हे संशोधन मानले जाते का?

मानले जाते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मराठीत भाषांतर करायचे, दोन्ही मसुदे जुळवून एक करायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तींकडून तो पुन्हा मूळ भाषेत आणायचा, तज्ज्ञांच्या समितीने तफावत तपासायची आणि मग साधारण ३० ते ४० रुग्णांवर मसुदा वाचून पाहायचा, असा रूढ क्रम आहे. त्याआधी मूळ प्रश्नावलीच्या हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी; हे काम बहुतेक जण शेवटी करतात आणि अडकतात.

खरी गंमत रुग्णांसमोर वाचताना येते. समितीने एकमताने 'ताठरपणा' हा शब्द ठरवलेला असतो आणि ओपीडीतल्या आजी विचारतात, 'म्हणजे काय रे बाळा?' त्यांचा गुडघा सकाळी 'आखडतो' किंवा 'धरल्यासारखा होतो'. वेदनेचेही तसेच. ठणकणे, चमक मारणे, कळ येणे, सलणे, रग लागणे हे वेगवेगळे अनुभव आहेत आणि रुग्ण त्यांची गल्लत करत नाहीत, आपण सगळ्यांसाठी 'वेदना' लिहून मोकळे होतो. शून्य ते दहा या मोजपट्टीवर बोट ठेवा म्हटले की अनेक वृद्ध गोंधळतात. पण तेच आपण होऊन सांगतात, 'रुपयातले बारा आणे दुखणं गेलं बघा.' नाणी व्यवहारातून गेली तरी हे माप टिकून आहे. आण्यांत सांगितलेला आराम आणि दहाच्या पट्टीवरचा आकडा एकमेकांशी कितपत जुळतात, हे कोणी नीट मोजून दाखवले तर तो प्रबंध मी आनंदाने वाचेन.

नमुन्यात किती रुग्ण घ्यावेत? आमच्याकडे सगळे ३० घेतात.

सगळे ३० घेतात कारण सगळे ३० घेतात. संख्या तीन गोष्टींवरून निघते. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक किती, मोजमापातील विखुरणे किती आणि चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका किती पत्करायचा. दीर्घकालीन वेदनेत शून्य ते दहाच्या पट्टीवर साधारण २ गुणांची घट अर्थपूर्ण मानतात. आधीच्या अभ्यासांत प्रमाण विचलन (म्हणजे हे विखुरणे) २.५ आढळले असेल, तर ५ टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याचा धोका) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात सुमारे २६ रुग्ण लागतात. पाचातला एक जण मध्येच सोडून जाईल असे धरले, तर गटात ३३ भरती करावे लागतात. आता अपेक्षित फरक २ ऐवजी १ धरा; हीच संख्या चौपट होऊन गटागणिक शंभरच्या घरात जाते. दोन प्रचलित तंत्रांची तुलना करणाऱ्या अभ्यासात फरक लहानच असणार, त्यामुळे तेथे ३० रुग्णांत 'दोन्ही तंत्रे सारखीच प्रभावी' असे लिहिणे चुकीचे ठरते. इतक्या कमी रुग्णांत फरक असता तरी तो दिसला नसता.

साध्या चाचण्यांचीही विश्वासार्हता तपासावी लागते का?

सहा मिनिटे चालण्याची चाचणी पाहा. नाव ऐकून वाटते की घड्याळ आणि व्हरांडा असला की झाले. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरळ ३० मीटरचा मार्ग लागतो, दर तीन मीटरवर खूण लागते, दोन्ही टोकांना वळण्यासाठी शंकू लागतात आणि दर मिनिटाला काय बोलायचे तेही ठरलेले असते. आपल्याकडे मोकळा सापडतो तो १५ मीटरचा व्हरांडा, त्यातही डबा घेऊन बसलेले नातेवाईक आणि मध्येच येणारी स्ट्रेचर. मार्ग निम्मा झाला की वळणे दुप्पट होतात आणि प्रत्येक वळणावर रुग्ण मंदावतो, त्यामुळे त्याचे अंतर कमी भरते. उत्साही इंटर्न रुग्णाच्या शेजारून चालत त्याला 'चला काका, चला' म्हणत राहतो तेव्हा वेग इंटर्नचा मोजला जातो. मार्ग लहान असेल तर तो लहानच ठेवावा, पण उपचाराआधी आणि नंतर तोच ठेवावा, आणि प्रबंधात त्याची लांबी लिहावी.

रुग्णांना दोन गटांत वाटून एका गटाला उपचार न देणे अनैतिक नाही का?

प्रस्थापित उपचार रोखून धरणे अनैतिकच आहे आणि कोणतीही एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) ते मान्य करणार नाही. म्हणून नियंत्रण गटाला (तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला) बहुधा नेहमीचे उपचार मिळतात आणि दुसऱ्या गटाला त्यांच्यासोबत नवे काहीतरी. वाटणी चिठ्ठीने व्हावी आणि चिठ्ठी अपारदर्शक, क्रमांक घातलेल्या, बंद पाकिटात असावी. भरती करणाऱ्याला पुढचे पाकीट कोणत्या गटाचे आहे हे कळले की होतकरू रुग्ण नकळत आपल्या लाडक्या गटात जातो. व्यायाम शिकवणाऱ्यापासून गट लपवणे आपल्या क्षेत्रात अशक्य असते, पण मोजमाप करणाऱ्यापासून लपवता येतो, आणि त्यासाठी एका सहाध्यायाची मदत पुरते.

एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय यांचा क्रम काय?

आधी कमिटीची मंजुरी, मग नोंदणी, मग पहिला रुग्ण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे फिजिओथेरपीच्या अभ्यासांनाही लागू होतात. सीटीआरआय ही चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच केलेली नोंदणी तेथे स्वीकारली जाते. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण शंका विचारून अर्ज परत येतो आणि त्यात आठवडे जातात. 'सिनॉप्सिस मंजूर झाला, आता रुग्ण घेऊ, नोंदणी नंतर पाहू' असे म्हणणाऱ्याचा शोधनिबंध पुढे चांगली नियतकालिके वाचण्याआधीच परत पाठवतात.

संमतीपत्र मराठीत असून भागत नाही, ते वाचून दाखवावे लागते. 'सही करा' या शब्दांनी संमती मिळत नाही.

निकाल 'काहीच फरक नाही' असा आला तर प्रबंध नापास होतो का?

होत नाही. भारतातच झालेल्या 'अटेंड' या चाचणीकडे पाहावे. पक्षाघाताच्या रुग्णाचे व्यायाम घरच्यांना शिकवले तर पुनर्वसनाची तूट भरून निघेल, ही कल्पना आपल्या समाजाला साजेशी आणि स्वस्त होती. १४ केंद्रांतून १,२५० रुग्ण घेण्यात आले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने हा निकाल छापला. तो छापला गेला नसता तर आज अनेक योजना त्याच गृहीतकावर उभ्या राहिल्या असत्या.

आकडे 'थोडे नीट करण्याचा' मोह याच टप्प्यावर होतो. सगळ्या रुग्णांच्या सांध्यांचे कोन पाच आणि दहाच्या पटीत दाखवणारे तक्ते परीक्षकाला लांबूनच ओळखू येतात, कारण गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजण्याचे साधन) असा वागत नाही.

कोणत्या नियतकालिकात छापावे? दर आठवड्याला निमंत्रणाचे ईमेल येतात.

ज्या नियतकालिकाला तुमची इतकी निकड आहे, त्याच्यापासून दूर राहावे. सात दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी, संपादक मंडळावर अभियंते आणि कृषितज्ज्ञ, व्याप्तीत जगातील सर्व विषय, अशी त्यांची लक्षणे ठरलेली आहेत. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे 'यादीत आहे का' हा सोपा निकष राहिलेला नाही. त्या नियतकालिकातले तीन लेख स्वतः वाचून पाहणे हा उपाय मी सुचवतो. एका दुपारचे काम आहे.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही, ४० टक्क्यांच्या पुढे प्रकरण गंभीर होते. मात्र सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी समानार्थी शब्द बदलत बसणारे विद्यार्थी शेवटी अशी वाक्ये लिहितात की ती चोरलेली नसली तरी वाचवतही नाहीत.

गाइडचे नाव आधी की माझे?

प्रबंध तुमचा असेल आणि लेखही तुम्ही लिहिला असेल तर पहिले नाव तुमचे. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीने लेखकत्वाच्या चार अटी ठेवल्या आहेत. कल्पना, माहिती किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. लेखन किंवा चिकित्सक सुधारणा. अंतिम मसुद्याला संमती. आणि मजकुराची जबाबदारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुखपद ही पाचवी अट नाही. हे बोलणे अवघड असते, म्हणून ते माहिती गोळा करण्यापूर्वी करावे; लेख स्वीकारला गेल्यावर काढलेला हा विषय कडवटपणाशिवाय मिटत नाही.

पीएचडी कधी करावी?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. मार्गदर्शक प्राध्यापक असेल तर एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. आपल्या विषयात मान्यताप्राप्त मार्गदर्शक मुळातच मोजके, त्यामुळे जागा निघण्याची वाट पाहावी लागते. बढतीसाठी पीएचडी करणारे बहुसंख्य आहेत आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही; तरीही दोन-तीन वर्षे शिकवून, ओपीडी सांभाळून, एखादा लहान अभ्यास स्वतः पूर्ण करून मग नाव नोंदवलेले बरे. परदेशात जायचे असेल तर एक भेद ध्यानात ठेवावा. संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळणे वेगळे आणि तेथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळणे वेगळे. दुसऱ्यासाठी ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातील नियामक संस्थेची स्वतंत्र प्रक्रिया पार करावी लागते.

मी तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवतो. महाविद्यालयाशी संबंध नाही. मला काही करता येईल का?

वाचन तर आजच सुरू करता येईल. सिडनीहून चालणारा 'पेड्रो' हा विदासंच १९९९ पासून सर्वांना मोफत खुला आहे. फिजिओथेरपीतील चाचण्या, आढावे आणि मार्गदर्शक सूचना तेथे सापडतात आणि प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात.

अभ्यास करायचा असेल तर एथिक्स कमिटी असलेल्या जवळच्या महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकाला सोबत घ्यावे लागेल, आणि असे शिक्षक नकार देत नाहीत, कारण त्यांच्याकडे विद्यार्थी असतात पण तुमच्याकडे येणारे रुग्ण नसतात. तोवर एक वही करावी. तारीख, वय, काम, दुखण्याची जागा, पहिल्या दिवशीचा आकडा, एक ठरलेली हालचाल, सहाव्या आठवड्याचा आकडा, आणि शेवटचा रकाना न आलेल्यांसाठी. त्यांना फोन करून न येण्याचे कारण विचारायचे आणि ते जसे सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, तेथे लिहून ठेवायचे.